प्यूस म्हणजे पिसू

४ फेब्रुवारी, सकाळ

संकल्प. या वर्षी कोश पूर्ण करायचा. फायनल. दगडावरची रेघ.

नाव ठरलंय: 'फ्रेंच रंगनामांचा व्युत्पत्तिकोश'. अर्पणपत्रिका तयार. प्रस्तावनेचे मसुदे तयार. ऋणनिर्देश लिहायला घेतला होता, पण ऋण फारसं कुणाचं निघेना. आता फक्त कोश उरलाय.

काम 'प'पासून सुरू केलं, कारण 'प्यूस' हा शब्द आधी भेटला. अजून त्याच शब्दावर आहे. लोकांना वाटतं अडकलो. अडकलो नाही, रुजलो. इंजिन लागलं की डबे आपोआप येतात.

प्यूस म्हणजे फ्रेंचमध्ये पिसू. तोच शब्द रंगालाही. तांबूस, तपकिरी, थोडा जांभळट. रक्त पिऊन फुगलेली पिसू नखावर चिरडल्यावर जो डाग राहतो, तो रंग. इतकं कुठल्याही डिक्शनरीत मिळतं. डिक्शनरीवाले तिथे थांबतात. मी थांबत नाही. माझा शोध असा की 'प्यूस' हा शब्द मुळात आपल्या 'पिसू'वरून गेला. पिसू, प्यूस. प्यूस, पिसू. मोठ्यानं म्हणत राहिलं की अंगावर काटा येतो.

बायकोला म्हणायला लावलं. तिच्या अंगावर आला नाही. ड्यूटीला उशीर होतोय म्हणाली आणि गेली.

७ फेब्रुवारी

काम झालं नाही. कारण: टोमॅटो.

बायकोनं जाताना टोमॅटो आणायला सांगितले. मी हातातलं काम टाकून गेलो, निवडून निवडून आणले. संध्याकाळी ती पिशवीत बघून म्हणाली, पुन्हा कच्चे. मी म्हटलं, पिकणं ही प्रक्रिया आहे, घटना नव्हे. तिनं ते कागदात गुंडाळून कपाटावर ठेवले. तिच्या या न बोलण्याचा मला फार त्रास होतो.

खरं म्हणजे माझी रंगदृष्टी सर्वसामान्य माणसापेक्षा सूक्ष्म आहे. लोक ज्याला सरसकट हिरवं म्हणून मोकळे होतात, त्यात मला तपकिरीच्या कितीतरी छटा दिसतात. हा कोश माझ्याच हातून व्हायचा होता, तो उगाच नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मेहुणी आणि साडू आले होते. साडू कॉलेजात फ्रेंच शिकवतो. म्हणजे पोरांकडून क्रियापदं घोकून घेतो. शब्दाच्या पोटात शिरणं वेगळं आणि शब्दाच्या दारात उभं राहून हजेरी घेणं वेगळं.

जेवताना त्याला माझा शोध सांगितला. ऐकून घेतला. मग तोंड पुसून म्हणाला, दादा, ते लॅटिनमधल्या 'पुलेक्स'वरून आलंय. पुलेक्स म्हणजे पिसू. घासत घासत प्यूस झालं. 'पिसू'शी साम्य आहे खरं, पण तो योगायोग. मी विचारलं, योगायोग कशावरून. तो म्हणाला, फार फार मागं गेलं तर दोन्ही घराण्यांचं लांबचं नातं निघेलही, पण म्हणून प्यूस काही पिसूच्या पोटी जन्मला नाही.

म्हणजे साडूनं नातं मान्य केलं. नोंद करून ठेवली.

मेहुणीनं विषय बदलला. मार्चअखेर बायको रिटायर होतेय. हॉस्पिटलची मेट्रन म्हणून. निरोपसमारंभ मोठा होणार, मोठे डॉक्टर स्वतः बोलणार, असं मेहुणी म्हणाली आणि ताईचा हात धरून बसली. ही बहिणीबहिणींची नाटकं मला कळत नाहीत.

१७ फेब्रुवारी

बायकोच्या रिटायरमेंटचा आज शांतपणे विचार केला. इतकी वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला रिकामपण खायला उठणार. नैराश्य वगैरे येऊ शकतं. नवरा म्हणून माझं कर्तव्य आहे.

उपाय सापडला. तिला कोशाच्या टायपिंगला बसवायचं. सकाळी नऊ ते एक, मग जेवण, मग दोन ते पाच. टेबलाची जागाही ठरवली: माझ्या खोलीच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये. हाक मारली की ऐकू येईल.

तिला अजून सांगितलं नाही. सरप्राइज.

मी इन्शुरन्स कंपनी सोडली तेव्हा सगळे म्हणाले, बायकोच्या जिवावर बसून खाणार. बसून खातो म्हणजे काय? घराची आर्थिक बाजू ती बघते, बौद्धिक बाजू मी. एका गाडीची दोन चाकं. एक चिखलातून जातं, एक रस्त्यावरून, एवढंच.

१ मार्च

काम झालं नाही. कारण: मान आखडली.

४ मार्च

काम झालं नाही. कारण: मान बरी झाली, त्या आनंदात फिरायला गेलो. परत येताना घाम आला.

११ मार्च, संध्याकाळ

आजचा दिवस सोन्यानं लिहून ठेवायला हवा.

बायको समारंभासाठी नवा ड्रेस घेऊन आली. एरवी ही स्वतःसाठी काही घेत नाही. आयुष्य पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये गेलं. पिशवीतून काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि मला म्हणाली, बघा बरं.

मी बघितलं आणि ओळखलं. प्यूस. शंभर टक्के प्यूस. ज्या रंगासाठी मी आयुष्य पणाला लावलं, तो आपल्या पायांनी चालत माझ्या घरात आला.

तिला लगेच गोष्ट सांगितली. असं सांगतात की एका फ्रेंच राजानं राणीचा नवा ड्रेस बघून म्हटलं, हा तर पिसवेचा रंग. झालं, दुसऱ्या दिवसापासून सगळा दरबार त्याच रंगात. मग त्यातही पोटभेद: पिसवेच्या पोटाचा रंग, पिसवेच्या मांडीचा रंग. मी म्हटलं, तुझा हा पोटाचा वाटतो.

तिनं ड्रेसकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. म्हणाली, तुम्हाला हा तसा दिसतो? मी म्हटलं, दिसतो काय, आहे. ती म्हणाली, बरं.

ड्रेस उचलून आत गेली. राणीसुद्धा सुरुवातीला लाजली असणार.

१४ मार्च

हॉस्पिटलमधून फोन. समारंभात यजमानांनीही चार शब्द बोलावेत अशी सगळ्यांची इच्छा आहे. मी म्हटलं, चार का, विषय घेऊन बोलतो.

विषय अर्थात प्यूस. सभागृहात सगळे शिकलेले लोक. ट्रस्टींपैकी एकाचा छापखाना आहे असं ऐकतो. भाषण झाल्यावर तो माझ्याकडे येईल. मी लगेच हो म्हणणार नाही. विचार करून सांगतो म्हणेन.

बायकोनं विचारलं, भाषणात माझ्याबद्दल काय आहे. मी म्हटलं, ड्रेस.

ती म्हणाली, लहान मुलांचा वॉर्ड मी उभा केला, तेवढं एक वाक्य घालाल? तिनं आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही, त्यामुळे मीही दिलदारपणे म्हटलं, घालू की. जागा मिळाली तर.

१९ मार्च

भाषण लिहून झालं. लांबी जरा जास्त आहे, पण एकही शब्द काढण्यासारखा नाही. काढून पाहिला. हळहळ वाटली, परत घातला.

मुलांच्या वॉर्डाचं वाक्य मात्र काढावं लागलं. राजदरबाराच्या वर्णनातून एकदम वॉर्डात उतरलं की लय बिघडते. बायकोला सांगितलं नाही. भाषणाच्या ओघात तिच्या लक्षातही येणार नाही.

२३ मार्च, दुपार

मेहुणी आली होती. तिच्यासमोर पूर्ण रिहर्सल केली. ड्रेस बघायला मागितला तिनं, बायकोनं दाखवला. मेहुणीचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकदा ड्रेसकडे बघे, एकदा माझ्याकडे. विषयाचा परिणाम.

नंतर दोघी स्वयंपाकघरात. पाणी प्यायला जाताना कानावर आलं. मेहुणी म्हणत होती, ताई, सांग त्यांना, अजून वेळ आहे. बायको म्हणाली, बोलू दे.

म्हणजे भाषण आवडलं असल्याचं मला सांगावं असं मेहुणीचं म्हणणं. आणि बायकोचं म्हणणं, आधी बोलू दे, मग सांगू. समंजस बाई आहे. मीही पाणी न पिताच परत फिरलो.

३१ मार्च, रात्रीच्या जेवणाआधी

झालं. समारंभ पार पडला. घाईत टिपून ठेवतो, नंतर सविस्तर.

हॉल भरलेला. नर्सेस, डॉक्टर, वॉर्डबॉय, जुने पेशंट, त्यांची आता मोठी झालेली पोरं. बायको प्यूस ड्रेसमध्ये मधोमध. मोठे डॉक्टर तिच्याबद्दल बोलले. ठीक बोलले. विषयाला धरून नव्हतं.

मग मी.

'पिसू' शब्दालाच पहिला हशा. मी थांबून तो पुरता वसूल केला. राजाची गोष्ट सांगितली. नखावर चिरडलेल्या पिसवेचं वर्णन केलं, चादरीवर पडणाऱ्या आणि धुतल्यावरही न जाणाऱ्या डागाचं केलं. समोर नर्सेस असल्यामुळे त्यांना ते जवळचं वाटेल असा हेतू. मग हात लांब करून म्हटलं, आणि हा पाहा तोच रंग, पिसवेच्या पोटाचा, आज माझ्या पत्नीच्या अंगावर.

एकदम शांतता. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी. हा माझ्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण.

मागच्या रांगांतून दोन-तीनदा 'हिरवा' असा शब्द आला. हॉस्पिटलमध्ये कोडवर्ड असतात, कुणाला तरी तातडीनं बोलावत असावेत. मग कुजबुज वाढली. एक तरुण डॉक्टरीण तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली. बोलावणं तिलाच असणार.

पुढे 'पिसू'पासून 'प्यूस'पर्यंतचा प्रवास सांगितला. तो नीट ऐकला गेला नाही. मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली: आटोपतं घ्यावं. वाचून खिशात ठेवली. साडू पहिल्या रांगेत जमिनीकडे बघत बसला होता. नाकाला मिरच्या झोंबल्या की माणूस खाली बघतो.

शेवटी बायको बोलली. अगदी थोडं. लहान मुलांच्या वॉर्डाबद्दल स्वतःच बोलली, पहिल्या पाळण्यापासून. म्हणजे माझं वाक्य काढणं योग्यच ठरलं, नाहीतर द्विरुक्ती झाली असती. मग म्हणाली, मला तुम्ही सगळ्यांनी कायम पांढऱ्यात बघितलंय, आज हिरव्यात बघून घ्या. चुकून हिरव्यात म्हणाली. पहिल्यांदाच माइकसमोर, नर्व्हस झाली. लोकांनी सांभाळून घेतलं. उभं राहून टाळ्या वाजवल्या, थांबेचनात.

छापखानेवाला ट्रस्टी भेटला नाही. लवकर गेला म्हणे.

पण मोठे डॉक्टर स्वतः आले. खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, एकदा माझ्याकडे येऊन जा, निवांत बोलू. मेंदूचे तज्ज्ञ आहेत. बुद्धीला बुद्धी ओळखते.

घरी येताना बायको गाडीत खिडकीतून बाहेर बघत होती. मी विचारलं, कसं झालं. म्हणाली, सगळ्यांनी ऐकलं.

८ एप्रिल, दुपार

मोठ्या डॉक्टरांची भेट. अत्यंत उत्साहवर्धक.

कोशाचं हस्तलिखित नेलं होतं. त्यांनी ते बाजूला ठेवून आधी माझीच परीक्षा घेतली. आज तारीख काय, महिना कोणता. उत्तरं दिली. कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवा म्हणाले, काढलं, वरती कमान आणि पक्षी काढला. तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा आणि नंतर मला परत सांगा, म्हणाले. मी तिन्ही शब्द लगेच परत सांगितले आणि तिन्हींची व्युत्पत्तीही. ते म्हणाले, व्युत्पत्ती नको होती. मी म्हटलं, असू द्या.

मग त्यांच्या टेबलावरची एक फाइल दाखवून विचारलं, हिचा रंग कुठला. मी म्हटलं, हा प्रश्न तुम्ही योग्य माणसाला विचारलात. हलका प्यूस, खाकीकडे झुकलेला. ते खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. म्हणाले, अच्छा, हे आहे तर. मग डोकं अगदी ठणठणीत आहे तुमचं.

हे मी लोकांना कधीपासून सांगतोय.

खालच्या मजल्यावर डोळ्यांच्या विभागात जाऊन एक छोटी तपासणी करून घ्या म्हणाले. चिठ्ठी दिली. एवढी बारीक छटा ओळखणारा डोळा त्यांना नोंदवून ठेवायचा असेल.

९ एप्रिल

डोळ्यांचा विभाग. एक मुलगी होती, चष्मेवाली, नवीन लागलेली. माझ्यासमोर एक पुस्तक धरलं. पानभर रंगीत ठिपके. म्हणाली, काका, यात कुठला आकडा दिसतो?

मी म्हटलं, आकडा नाही, ठिपके आहेत.

तिनं पान उलटलं. यात?

ठिपके.

यात?

मी म्हटलं, बाई, पुस्तक चुकीचं छापलंय. तिनं पहिलं पान पुन्हा काढलं आणि अगदी सावकाश, मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, काका, घाई नाही, नीट बघा. तेवढ्यात शेजारी आईच्या मांडीवर बसलेली एक चिमुरडी वाकून बघत म्हणाली, बारा.

त्या एका पानावर मलाही बारा दिसला होता. ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण इतकं सोपं विचारण्यामागे काहीतरी डाव असेल असं वाटलं. मग मी म्हटलं, बारा. चष्मेवाली म्हणाली, हो काका, तो सगळ्यांनाच दिसतो.

पुढची सगळी पानं ठिपकेच होती.

१० एप्रिल

लाल-हिरवा. जन्मापासून.

११ एप्रिल

काही लिहिलं नाही.

१४ एप्रिल

शांतपणे विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही. उलट फायदा आहे. ज्याला रंग नीट दिसतो तो रंगाच्या मोहात पडतो. मी शब्दाकडे निखळ शब्द म्हणून बघू शकतो. नदीचा उगम शोधायला पोहता यावं लागत नाही.

प्रस्तावनेत याचा उल्लेख करावा का? करू नये.

मग लक्षात आलं की तो ड्रेस हिरवा होता.

१५ एप्रिल

हॉलमध्ये किती लोक होते ते आठवत बसलो. आठवू नये हे बरं.

१७ एप्रिल, सकाळ

बायको हल्ली उशिरा उठते. चहा घेऊन बाल्कनीत बसते. रिकामपण अजून खायला उठलेलं नाही.

आज मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि विचारलं, तुला माहीत होतं?

म्हणाली, लग्नानंतर पहिल्याच महिन्यापासून.

मी म्हटलं, कसं? ती म्हणाली, तुम्ही मला स्कार्फ आणला होता. पहिलीच भेट. चॉकलेटी आहे, तुला शोभेल, असं म्हणून दिलात. तो हिरवागार होता. मी त्या वेळी ट्रेनिंगला होते, दुसऱ्या दिवशी आमच्या सरांना विचारून घेतलं. म्हणाले, जन्मजात असतं, औषध नाही, पण जगायला अडत नाही. मग मी तुमचे मोजे जोडीनं लावून ठेवायला लागले.

मी म्हटलं, इतकी वर्षं? ती म्हणाली, मोजे रोजच लागतात ना.

मी विचारलं, सांगितलं का नाहीस. तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, दोनदा सांगितलं होतं. एकदा तुम्ही हसलात. एकदा जेवणावरून उठून गेलात. पेशंटला तिसऱ्यांदा सांगत नाहीत, त्याला सांभाळतात.

मला एकही वेळ आठवत नाही. म्हणजे तिनं स्पष्ट सांगितलं नसणार.

मग मी मुख्य मुद्द्यावर आलो. म्हटलं, निदान त्या भाषणाआधी सांगायचं. तुझी बहीणसुद्धा सांग म्हणत होती. तू म्हणालीस, बोलू दे.

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. म्हणाली, घरात मी रोज ऐकत होते. वाटलं, एकदा इतरांनीही ऐकावं.

मग म्हणाली, आणि मी मुलांच्या वॉर्डाच्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं असतं तर मी तिथेच उठले असते, काहीतरी निमित्त करून तुमच्या हातातून माइक काढून घेतला असता. ड्रेसपर्यंत पोचूच दिलं नसतं तुम्हाला. ठरवून बसले होते. शेवटपर्यंत वाट बघितली.

मी सांगितलं की त्या वाक्यानं लय बिघडत होती.

ती म्हणाली, असेल.

२० एप्रिल, रविवार

साडूकडे गेलो. स्वतःहून. म्हटलं, रंगाचं सोडा, व्युत्पत्तीचं बोला. माझ्या 'पिसू'विरुद्ध पुरावा काढा.

त्यानं वाद घातला नाही. कपाटातून एक जाडजूड फ्रेंच कोश काढला, पान उघडून माझ्यासमोर ठेवला, बोट लावून अर्थ सांगितला. लॅटिन पुलेक्स, त्यावरून प्यूस, त्यावरून पिसवेसारखा रंग. संपलं. दोन ओळी. माझ्या ज्या शब्दाचे गठ्ठे झालेत, तो त्यांनी दोन ओळींत उरकला होता, आणि खाली लगेच दुसरा शब्द सुरू.

आपल्या 'पिसू'चा कुठे उल्लेखही नाही. विरोधसुद्धा केलेला नाही. खोडून काढायलाही कुणाला सुचलं नव्हतं.

साडू म्हणाला, दादा, चहा घेणार ना. त्या समारंभाबद्दल एक शब्द काढला नाही. फार कुजका माणूस आहे.

२ मे

टायपिंगची योजना बायकोला सांगितली. मागे सांगायची राहिली होती. पॅसेजमधली जागा दाखवली. तिनं ती जागा बघितली. म्हणाली, मी मुलांच्या वॉर्डात आठवड्यातून तीन दिवस जाणार आहे, त्यांनी बोलावलंय, मानद म्हणून. बाकीचे दिवस बहिणीबरोबर पोहायला शिकायचंय.

या वयात पोहणं.

१९ मे

काम झालं नाही. कारण नाही.

२६ मे, संध्याकाळ

निर्णय घेतला. कठोर, पण घेतला. जेवायला सगळे होते: बायको, मेहुणी, साडू. मी चमचा खाली ठेवून जाहीर केलं की कोश थांबवतोय. कायमचा.

मी वाट बघितली. साडू म्हणेल, असं करू नका दादा, इतकी वर्षांची मेहनत. मेहुणी म्हणेल, भाऊजी, खचू नका. बायकोच्या डोळ्यांत पाणी येईल. मग मी आग्रहास्तव पुनर्विचार करणार होतो. उत्तरही मनात तयार होतं, थोडं भावुक, पण ताठ.

साडूनं भांडं पुढे सरकवलं. मेहुणीनं ताईकडे पाहिलं.

बायको म्हणाली, मग ती खोली रिकामी होईल का?

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाली, उजेडाची आहे. मला तिथे झोपायचंय. तुमचे गठ्ठे माळ्यावर नीट ठेवू, उंदीर लागणार नाहीत असे. पलंग कुठल्या भिंतीला येतो ते मी बघून ठेवलंय.

मेहुणी म्हणाली, खिडकीखाली चांगला बसेल, आम्ही माप घेतलं तेव्हा. मग एकदम पाणी आणायला उठली.

माप कधी घेतलं ते मी विचारलं नाही. भात संपवला.

४ जून

गठ्ठे वर गेले. मी शिडी धरली होती.

११ जून

रंगारी शेडकार्ड घेऊन आला. बायको, मेहुणी, साडू, तिघांनी खिडकीपाशी उभं राहून बघितलं. हा की तो, उजेडात कसा, रात्री दिव्यात कसा, असं बराच वेळ चाललं. साडूनंसुद्धा मत दिलं. रंगारी मध्येच माझ्याकडे वळला आणि म्हणाला, साहेब, तुम्ही काय म्हणता? बायको त्याला म्हणाली, त्यांना चालेल.

मी म्हटलं, चालेल.

१८ जून, सकाळ

खोली झाली. बायकोनं पडदे लावले, पलंग लावला, काल पहिल्यांदाच त्या खोलीत दुपारी झोपली म्हणे, छान झोप लागली. मेहुणी येऊन बघून गेली. शेजारची बाई येऊन बघून गेली. सगळ्यांनी एकच सांगितलं, रंग अगदी सुरेख निवडलात.

बायको पोहायला गेल्यावर मीही आत जाऊन उभा राहिलो. ऊन आलं होतं. चारही भिंती नीट बघितल्या. जवळ जाऊन बघितल्या, लांबून बघितल्या. बऱ्या दिसतात.

कुठला रंग आहे, ते अजून विचारलेलं नाही.